शेवटच्या नळाचं पाणी पिवळं होतं का?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तालमी, मंडळं, बचतगट सगळे धावले. पूर ओसरल्यावर मात्र ज्या आकड्याकडे बघायला हवं, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. नळाच्या एका लिटर पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलेलं असावं, साथीच्या काळात ०.५.

ते राखायची जबाबदारी गावच्या जलसुरक्षकावर. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायची, अर्धा तास थांबायचं, मग पाणी सोडायचं. ऐकायला सोपं आहे, पण हिशेब करून बघा. ५०,००० लिटरच्या टाकीत लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर ५० ग्रॅम क्लोरीन लागेल. ताज्या टीसीएलमध्ये ते साधारण ३३ टक्के असतं, म्हणजे १५० ग्रॅम पावडर पुरते. तेच पोतं ओल आलेल्या खोलीत तोंड उघडं पडलं असेल तर क्लोरीन उडत राहतं. प्रमाण २० टक्क्यांवर आलं की २५० ग्रॅम लागतात. जलसुरक्षक मात्र जुन्याच मापानं टाकत राहतो, कारण प्रशिक्षणात त्याला माप सांगितलेलं असतं, हिशेब कुणी शिकवलेला नसतो. त्यात पावसाळ्याचं गढूळ पाणी. गाळातले सेंद्रिय पदार्थच बरंचसं क्लोरीन खाऊन टाकतात, म्हणून आधी तुरटीनं गाळ बसवावा लागतो.

टाकीवर सगळं ठीक असलं तरी पाइप गळका असतो, कधी गटारीतूनच गेलेला. पाणी बंद झालं की आतला दाब उतरतो आणि बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यामुळे ओटी टेस्ट करायची ती गावातल्या शेवटच्या नळावर. परीक्षानळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. (तपासलेलं पाणी ओतून द्यायचं, प्यायचं नाही.) पाण्याला वास येतो म्हणून लोक तक्रार करतात, मग सरपंच ‘जरा कमी टाक’ म्हणतात, आणि रंग फिका पडत जातो.

त्याचे परिणाम लगेच दिसत नाहीत. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ विषाणू पोटात गेल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी उमटते. तोवर मदतीच्या गाड्या परत गेलेल्या असतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हा आजार जिवावर बेततो. इचलकरंजीनं २०१२ मध्ये काविळीची साथ सोसली आहे. अशा वेळी आशाताईंकडची गरोदर बायकांची यादी फार मोलाची. एकाच गल्लीत दोघांचे डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवणं त्यांना जमायला हवं, आणि तिथं ते ऐकून घेणारं कुणी असायला हवं.

गाडं अडतं ते इथंच. पावडर ग्रामपंचायत विकत घेते, पाण्याचे नमुने आरोग्य सेवक नेतो, नळयोजना पाणीपुरवठा विभागाची. नमुना दूषित निघाला की कागद तिन्ही टेबलांवर फिरतो. वर्षातून दोनदा स्रोतांची पाहणी होते आणि गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. पद्धत चांगली आहे. पण कार्ड सहा महिन्यांचं, आणि पाणी रोजचं.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. माझ्या मते त्यांच्या हाती नुसतं किट देऊन भागणार नाही. रंग आला नाही तर पाणी थांबवा, असं जलसुरक्षकाला सांगायचा अधिकारही द्यावा लागेल. तालमींतल्या पोरांनाही ओटी टेस्ट दाखवावी, शिकायला फार वेळ लागत नाही. रोजचा निकाल चावडीच्या फळ्यावर तारखेसह लिहावा. आणि टीसीएलचं पोतं प्रयोगशाळेत तपासून घ्यायचं ते एप्रिल-मे मध्येच, नदी पात्राबाहेर पडल्यावर नाही.