पफ-पफ आणि बन्स: फरक आकाराचा नाही, फुगण्याचा आहे

नायजेरियन तळणीच्या पाककृती दाखवणाऱ्या व्हिडिओंमध्ये पफ-पफ आणि बन्स (पावाचे बन नव्हेत, दोन्ही तेलात तळलेले गोळे) हे एकाच पदार्थाचे मऊ आणि कडक प्रकार असल्याचे इतक्या वेळा सांगितले जाते की आता त्याचा कंटाळा येऊ लागला आहे. दोन्ही मैद्याचे, गोड आणि गोल असतात, पण साम्य एवढ्यावरच संपते.

दोन्हींपैकी पफ-पफ जास्त ओळखीचा आहे. मैदा, साखर, मीठ, यीस्ट आणि कोमट पाणी एवढेच त्याला लागते. नायजेरियात तो रस्त्यावर मिळतो आणि समारंभांत ‘स्मॉल चॉप्स’च्या, म्हणजे छोट्या तळलेल्या खाऊच्या, ताटलीत चक्क समोशाशेजारी बसतो. घानात त्याला बोफ्रोट म्हणतात, तर कॅमेरूनमध्ये तो शिजवलेल्या घेवड्याबरोबर खातात.

घोळ होतो तो पीठ कशाने फुगते याबाबत. पफ-पफचे पीठ सैल, हाताने फेटताना तार सुटेल असे भिजवून तासभर झाकून ठेवतात. त्या वेळात यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडते, मैद्यातील ग्लुटेनची लवचीक जाळी तो वायू धरून ठेवते आणि पिठाला आंबल्याचा मंद वास येतो. हे पीठ मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनीमधून पिळत खोल तेलात सोडले की जाळी ताणली जाते, पण फाटत नाही. म्हणून पफ-पफ बाहेरून गुळगुळीत, तर आतून हलका आणि किंचित चिवट होतो.

बन्समध्ये यीस्ट नसते. मैदा, साखर, लोणी किंवा मार्गारिन, अंडे, दूध आणि बेकिंग पावडर यांचे घट्ट, चिकट पीठ भिजवून ते लगेच तळायला घेतात. तेलात बाहेरचे कवच आधी कडक होते आणि आतला गोळा त्यानंतरही फुगत राहतो, त्यामुळे कवच तडकते. या भेगा बिघाड समजून लपवू पाहणाऱ्यांनी बन्स करूच नयेत. आतून ते केकसारखे भुसभुशीत असतात आणि घट्ट असल्याने मध्यम आचेवर तळावे लागतात, नाहीतर बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात.

पफ-पफला ‘आफ्रिकन गुलगुले’ म्हणण्याचा मला विशेष राग आहे, कारण खायचा सोडा घालून केलेले आपले गुलगुले फुगण्याच्या रीतीने बन्सच्या जवळचे आहेत. त्याहून वाईट म्हणजे यीस्टऐवजी बेकिंग पावडर घातलेला ‘झटपट पफ-पफ’. आंबण्याचा तासच वगळल्यावर त्यात ना तो वास उतरतो ना ती चिवट जाळी, आणि बन्सचा कुरकुरीतपणाही येत नाही. पफ-पफमध्ये अंडे तर माझ्या मते घालूच नये. जायफळ दोन्हींत चालते, आणि आकार लहान की मोठा याला काही अर्थ नाही.

पफ-पफ थंड झाला की रबरासारखा लागतो, म्हणून तो कढईशेजारी उभे राहूनच खावा. प्रवासाला डबा न्यायचा असेल तर बन्स करावेत.