बाहेर पडतं ते पाणी आणि क्षार

खाल्लेलं अंगी लागू नये म्हणून मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधं घेणं, या प्रकारांना मिळून ‘पर्जिंग’ म्हणतात. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये वर्णन केलेल्या बुलिमिया नर्व्होसा या आजारात आधी आवर न राहणारं खाणं होतं, मग हे. अ‍ॅनोरेक्झिया या, वजन वाढण्याच्या भीतीने खाणं फार तोडण्याच्या आजारातही पर्जिंग आढळतं, आणि अजिबात जास्त न खाताही काही जण ते करतात. बुलिमियात वजन बऱ्याचदा नेहमीसारखंच असतं, त्यामुळे घरच्यांना शंकाही येत नाही.

जुलाबाच्या औषधांबद्दलचा गैरसमज सर्वांत चिवट. अन्नातली बहुतेक ऊर्जा लहान आतड्यात शोषली जाते. ही औषधं मुख्यतः मोठ्या आतड्यावर काम करतात, म्हणजे वेळ निघून गेल्यावर. काट्यावर कमी झालेलं दिसतं ते पाणी. शरीर ते भरून काढायला अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढवतं, मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडून देतात. औषधं बंद केली तरी हे संप्रेरक काही काळ चढंच राहतं. पाय सुजतात, वजन वाढतं. ती सूज असते, चरबी नव्हे, आणि ती ओसरते. पण रुग्ण घाबरतो आणि पुन्हा गोळ्यांकडे वळतो. ही सूज येणार हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं, असं मला ठाम वाटतं.

रक्तात पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर असावं लागतं. ते फार घसरलं की हृदयाची लय बिघडते, कधीकधी आधी काहीही न जाणवता.

उलटीच्या खुणा अनेकदा दंतवैद्यालाच पहिल्यांदा दिसतात: वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू आम्लाने झिजलेली. लाळग्रंथी सुजून गाल भरल्यासारखे दिसतात. (उलटीनंतर लगेच ब्रश केला तर मऊ पडलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, आणखी झिजतं, नुसती चूळ भरलेली बरी.)

टाइप १ मधुमेहात कुणी वजन घटवण्यासाठी मुद्दाम इन्सुलिन टाळत असेल, तर तोही याच कुळातला प्रकार, आणि त्यात कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तातलं आम्ल धोकादायक वाढणं) होऊन जीव जाऊ शकतो.

बुलिमियावर बोधात्मक वर्तन उपचार (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे संवादाचे उपचार) चांगले लागू पडतात, काहींना फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषधही देतात. उपचारांची सुरुवात मात्र रुग्णांना उफराटी वाटते: ठरलेल्या वेळी खायचं, एकही वेळ चुकवायची नाही. कारण दिवसभर मारलेली भूकच पुढच्या बेफाम खाण्याला निमंत्रण देते.