कमांड लाइनवरील दस्तऐवजरचना व मुद्रण

संगणकाला अक्षरी आज्ञा देऊन मजकुराची पाने बांधण्याची आणि ती प्रिंटरकडे पाठविण्याची पद्धती. लेखक साध्या मजकूर-फाइलीत लिहितो. मथळा, परिच्छेद, कोष्टक यांच्या खुणाही तो त्याच फाइलीत शब्दांनी करतो. एक आज्ञावली या खुणा वाचून पाने बांधते आणि दुसरी ती पाने प्रिंटरच्या रांगेत लावते. खिळे जुळविण्याच्या काळात लेखकाचे हस्तलिखित, त्यावरच्या संपादकाच्या तांबड्या खुणा आणि जुळाऱ्याचे काम या तीन वेगळ्या गोष्टी होत्या. येथे पहिल्या दोन एका फाइलीत येतात व तिसरी यंत्राकडे जाते.

मुद्रण म्हटले की नाशिकरोडचे मुद्रांक छापणारे भारत प्रतिभूती मुद्रणालय (स्थापना १९२५) व नोटा छापणारे चलार्थपत्र मुद्रणालय (१९२८) आठवतात. तो विषय निराळा आहे (पहा : प्रतिभूती मुद्रण). प्रस्तुत नोंदीत घर, कार्यालय, शाळा व दुकान येथील साध्या प्रिंटरवरच्या छपाईचाच विचार केला आहे.

उगम : या परंपरेचा आरंभ सामान्यतः जेरोम सॉल्टझर यांनी अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत १९६४ च्या सुमारास लिहिलेल्या ‘रनऑफ’ या आज्ञावलीपासून धरतात. तिच्यात ठिपक्याने सुरू होणारी ओळ ही आज्ञा व बाकीचा मजकूर असा संकेत होता आणि तो आजही टिकून आहे. ‘रॉफ’ (युनिक्स या संगणक-प्रणालीवरची नंतरची आज्ञावली) हे नाव ‘रनऑफ’चेच संक्षिप्त रूप आहे याबद्दल मतभेद नाही. मतभेद आहे तो वंशावळीच्या तपशिलाचा. काही लेखक ‘रनऑफ’पासून युनिक्सवरील ‘रॉफ’पर्यंत सरळ रेघ ओढतात, तर काही जण मधला टप्पा महत्त्वाचा मानतात. डग्लस मॅकिलरॉय यांनी बीसीपीएल या संगणकभाषेत केलेले ‘रनऑफ’चे पुनर्लेखन हा तो टप्पा होय. युनिक्स जिथे घडली त्या अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील मंडळींनी केलेल्या कथनांशी दुसरे मत अधिक जुळते. १९७१ च्या उत्तरार्धात त्या प्रयोगशाळेच्या पेटंट विभागातील टंकलेखक युनिक्सवर अर्ज तयार करू लागले. नव्या यंत्राच्या खरेदीला मजकूर-संपादनाचे हे काम हेच सांगण्याजोगे कारण होते. दस्तऐवज छापण्याच्या गरजेने युनिक्सला आश्रय मिळवून दिला असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

जो ओसाना यांनी १९७२ च्या सुमारास टंकयंत्रासारख्या साधनांसाठी ‘एनरॉफ’ व १९७३ च्या सुमारास फोटो-अक्षरजुळणी यंत्रासाठी ‘ट्रॉफ’ लिहिले. (याचा उच्चार ‘टी-रॉफ’ असा करतात, प्रस्तुत नोंदीत सोयीसाठी ट्रॉफ.) ट्रॉफ हे मुळात एकाच विशिष्ट यंत्राला बांधलेले होते. ओसाना १९७७ मध्ये निवर्तले. त्यानंतर ब्रायन कर्निगन यांनी सुमारे १९७९ पासून ते कोणत्याही यंत्रावर चालेल असे केले. कोष्टकांसाठी ‘टीबीएल’ आणि समीकरणांसाठी ‘ईक्यूएन’ या पूरक आज्ञावली आधी चालवायच्या व त्यांचे फलित नळीतून (एका आज्ञावलीचे फलित थेट दुसरीला देणाऱ्या जोडणीतून) ट्रॉफकडे सोडायचे, ही रीत याच काळात रूढ झाली. प्रत्येक आज्ञावलीने एकच काम करावे व उरलेले पुढच्या आज्ञावलीच्या ओंजळीत टाकावे, हा युनिक्सचा विचार दस्तऐवजरचनेत जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच इतरत्र दिसतो. युनिक्सच्या धर्तीवरील लिनक्स या मुक्त प्रणालीच्या आजच्या संचांत असते ते जेम्स क्लार्क यांचे १९९० मधील ‘ग्रॉफ’.

दुसरी शाखा संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणी-आज्ञावलीची. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे पसंत न पडल्याने त्यांनी १९७७ मध्ये हे काम हाती घेतले. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यावर ‘लाटेक’ उभारले. गणिताच्या लेखकांत लाटेकने ट्रॉफला बहुतांशी मागे टाकले.

छपाईची रांग : प्रिंटर संगणकाहून पुष्कळ मंद असल्याने कामे आधी डिस्कवर साठवून एकेक सोडावी लागतात. या क्रियेला ‘स्पूलिंग’ म्हणतात. या शब्दाच्या व्युत्पत्तीवर बरीच शाई खर्च झाली आहे. एका मतानुसार तो ‘परिधीय उपकरणांची एकाच वेळी चालणारी कामे’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दसमूहाच्या आद्याक्षरांचा आहे आणि १९६० च्या आसपासच्या आयबीएम यंत्रांच्या संदर्भात हे स्पष्टीकरण आढळते. दुसऱ्या मतानुसार ‘स्पूल’ म्हणजे साधे रीळ. त्या काळी छपाईचा मजकूर चुंबकीय फितीच्या रिळांवर उतरवून दुसऱ्या यंत्राकडे नेत असत, त्यावरून हा शब्द आला. आद्याक्षरे इतकी चपखल बसतात की ती मागाहून बसविली असावीत असे वाटते. प्रस्तुत लेखकाचा कल रिळाकडे आहे.

बर्कली येथील युनिक्सने काम रांगेत लावणे, रांग पाहणे व काम काढून टाकणे यांसाठी अनुक्रमे ‘एलपीआर’, ‘एलपीक्यू’ व ‘एलपीआरएम’ या आज्ञा दिल्या, तर सिस्टिम फाइव्ह या दुसऱ्या युनिक्सने त्याच कामांसाठी ‘एलपी’, ‘एलपीस्टॅट’ व ‘कॅन्सल’. मायकल स्वीट यांनी १९९७ मध्ये आरंभलेल्या ‘कप्स’ या मुद्रण-प्रणालीने दोन्ही संच स्वीकारले. ॲपलने ती २००२ मध्ये आपल्या संगणकांत घेतली व २००७ मध्ये तिचे हक्क विकत घेतले. प्रती, कागदाचा आकार, पाठपोट छपाई, निवडक पाने हे सर्व आज्ञेपुढील पर्यायांनी सांगता येते. कप्स दिलेल्या फाइलीचा प्रकार ओळखून तिला एकामागून एक गाळण्यांतून नेते आणि शेवटी प्रिंटरला कळेल अशा भाषेत सोडते. ॲडोबची पोस्टस्क्रिप्ट (१९८४) ही अशी एक भाषा. ती न समजणाऱ्या स्वस्त प्रिंटरांसाठी ‘घोस्टस्क्रिप्ट’ दुभाष्याचे काम करते.

देवनागरीचा प्रश्न : वरील सारी परंपरा एका गृहीतावर उभी आहे. ते असे की एक अक्षर म्हणजे एक संकेत, एक संकेत म्हणजे एक चौकट आणि चौकटी डावीकडून उजवीकडे एकामागून एक. मराठी मजकूर यातले एकही कलम पाळत नाही. ‘नाशिक’ हा शब्द युनिकोडमध्ये (जगातील लिप्यांच्या सामाईक संकेतसंचात) पाच संकेतांचा आहे. त्यातील ऱ्हस्व वेलांटी ‘श’नंतर साठविली जाते, पण ‘श’च्या आधी काढावी लागते. साधी मजकूर-फाइल जुळणीविना प्रिंटरकडे सोडली तर वेलांटी साठविलेल्या जागीच उमटते आणि नाशिकचे ‘नाशकि’ होते. ‘त्र्यंबक’ आठ संकेतांचा, युनिकोड साठविण्याच्या यूटीएफ-८ रीतीत २४ बाइटांचा, कागदावर मात्र तीनच अक्षरांचा. बाइट मोजून ओळ तोडणारी आज्ञावली तो भलत्याच ठिकाणी तोडते.

यावर वेळोवेळी निरनिराळे उपाय झाले. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेल्या व पुढे पुण्याच्या सी-डॅक या संगणन-संस्थेने वाढविलेल्या ‘जिस्ट’ तंत्राने संगणकात वेगळे कार्ड बसवून जुळणीचा भार त्यावर टाकला. फ्रान्स फेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये ग्रोनिंगन येथून टेकसाठी देवनागरी संच दिला. त्यात मजकूर रोमन अक्षरांत टंकायचा, ‘श’साठी अवतरणचिन्ह व त्यापुढे रोमन एस लिहायचे आणि एका पूर्वप्रक्रियकाकडून (जुळणीआधी चालणाऱ्या आज्ञावलीकडून) त्याची देवनागरी करून घ्यायची. संस्कृताच्या अभ्यासकांत ही पद्धत रुळली. मराठीत रोज लिहिणाऱ्याला मात्र ती घास उलट्या हाताने भरविण्यासारखी वाटली असणार. जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक’ने (२००४) युनिकोड मजकूर व ओपनटाइप फाँट थेट स्वीकारले आणि हा वळसा संपला.

तरीही मराठीचे दोन प्रश्न उरतात. पहिला ‘ल’ व ‘श’ यांच्या वळणाचा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल व देठयुक्त श ही रूपे मान्य केली आहेत. हिंदी वळण निराळे आहे. दोन्ही रूपांचा संकेत एकच. त्यामुळे फाँटमध्ये मराठी रूपे असली तरी मजकुराची भाषा मराठी आहे असे आज्ञावलीला वेगळे सांगावे लागते, आणि हे बहुधा राहून जाते. आयआयटी मुंबईच्या ‘शोभिका’सारखे मुक्त फाँट या कामी उपयोगी पडतात.

दुसरा प्रश्न अर्ध्या ‘र’चा. ‘आचार्यास’ (गुरूला) व ‘आचाऱ्यास’ (स्वयंपाक्याला), ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे भेद मराठीत अर्थाचे आहेत. युनिकोडने यासाठी नुक्तायुक्त ‘ऱ’ व हलन्त हा क्रम सांगितला. पण जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ‘र’, हलन्त व न दिसणारा जोडक हा दुसरा क्रमही चालू ठेवला. कागदावर दोन्ही एकसारखेच उमटतात. परंतु शोध घेणाऱ्या ‘ग्रेप’सारख्या आज्ञेला ते दोन वेगळे शब्द वाटतात. सूचीत ‘दऱ्या’ दोन ठिकाणी येतो आणि प्रूफ तपासणाऱ्याला त्याचे कारण काही केल्या दिसत नाही. दुसऱ्या क्रमाच्या बाजूने जुन्या फायलींचा दाखला दिला जातो. तथापि, अदृश्य चिन्हे नकलताना गळतात, हे पाहता पहिला क्रम श्रेयस्कर होय. छपाईपूर्वी मजकुरात बदल करणाऱ्या ‘सेड’ या आज्ञेने दुसऱ्याचे पहिल्यात रूपांतर एका ओळीत होते.

झीटेक न वापरता साधी टिपणे छापायची असतील तर ‘पॅप्स’ ही आज्ञावली पँगो या अक्षरजुळणी-संग्रहाकडून जुळणी करून घेते. त्याच कामाच्या ‘एटूपीएस’ व ‘एनस्क्रिप्ट’ या आज्ञावली मराठीसाठी निरुपयोगी आहेत.

उपयोग : नमुना ठरलेला आणि आकडे बदलते अशा कामांत ही पद्धत विशेष सोयीची. सोसायटीची मेंटेनन्स बिले, क्लासच्या गुणपत्रिका, बाजार समितीतील हिशेबपट्टी ही अशी कामे. लासलगावच्या बाजारात कांदा विकणाऱ्याच्या पट्टीत नाव, क्विंटलमधील वजन, भाव, हमाली, तोलाई व निव्वळ रक्कम एवढेच बदलते. अशा मजकुराची यादी एका फाइलीत ठेवून शेकडो पट्ट्या एका आज्ञेत तयार होऊ शकतात व माउसला हात लावावा लागत नाही. ठोके देणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कार्बन प्रत निघत असल्याने दातेरी कडांचा सलग कागद अजून पूर्णपणे हद्दपार झालेला नाही. त्यावर रोमन मजकूर थेट सोडता येतो. मराठी मात्र चित्ररूपाने पाठवावा लागतो व वेग घटतो.

लग्नपत्रिका, फ्लेक्स, हँडबिले यांना ही पद्धत मानवत नाही. तेथे डोळ्यासमोर ओळ सरकवून पाहावी लागते, आणि गिऱ्हाईकही शेजारी खुर्ची ओढून बसलेले असते. डीटीपीच्या दुकानांतील जुन्या फायली बहुधा युनिकोडपूर्व फाँटांत असतात. त्या कमांड लाइनवर आणण्याआधी रूपांतर अपरिहार्य ठरते, आणि त्या रूपांतरात सर्वाधिक चुका रफार व अर्ध्या ‘र’च्याच निघतात.