कहूट आणि प्लिकर्स: पडद्यावर सारखे, वर्गात वेगळे

शिक्षकांच्या खोलीत कुणी "आज क्विझ घेतली" म्हणालं, की ती कहूटवर घेतली की प्लिकर्सवर, हे सहसा कुणी विचारत नाही. दोन्ही वर्गात क्विझ घेण्याची ॲप्स; दोन्हींत प्रोजेक्टरवर प्रश्न येतो, खाली चार पर्याय असतात, मुलं उत्तरं देतात आणि लगेच आलेख उभा राहतो. म्हणून दोघांची नावं एका दमात घेतली जातात. माझ्या मते त्यांची कामंच वेगळी आहेत. एकाच्या जागी दुसरं वापरलं तर तास मजेत जातो, पण उद्या काय शिकवायचं हे काही कळत नाही.

कहूट नॉर्वेचं, २०१३ साली आलेलं. त्यासाठी मुलांच्या हातात मोबाइल, टॅब किंवा लॅबमधला संगणक लागतो. पडद्यावरचा पिन टाकून मूल खेळात शिरतं आणि लाल त्रिकोण, निळी शंकरपाळी, पिवळं वर्तुळ, हिरवा चौरस यांपैकी एक दाबतं. खरी गोम गुणांत आहे. नेहमीच्या मांडणीत बरोबर उत्तराला जास्तीत जास्त १००० गुण मिळतात आणि घड्याळ पुढे सरकेल तसे ते कमी होतात. अगदी शेवटच्या क्षणी दिलेल्या बरोबर उत्तराला साधारण ५००. म्हणजे दोन मुलांना गणित सारखंच येत असलं, तरी एकाला दुसऱ्याच्या निम्मे गुण पडू शकतात.

आता आपला बडोद्याचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. दांडिया बाजारातल्या मुलीच्या घरी मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि पुस्तक इंग्रजी. वीस सेकंदांत तिला इंग्रजी प्रश्न वाचायचाय, समजून घ्यायचाय, चार पर्याय ताडून पाहायचेत. ती मागे पडली तर तिला गणित येत नाही की इंग्रजी वाचायला वेळ लागतो, हे त्या गुणफलकावरून सांगता येणार नाही. आणि दर प्रश्नानंतर फलकावर झळकतात ती वरची पाच नावं. ती बहुतेक तुम्हाला आधीच माहीत असतात!

प्लिकर्समध्ये मुलांकडे फक्त एक छापील कार्ड असतं. त्यावर काळा चौकटींचा कोड, चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ते अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं, की शिक्षक पुढे उभं राहून मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात. कोणत्या मुलाने काय उत्तर दिलं, ते मोबाइलवर नावानिशी दिसतं. प्रत्येकाचा कोड वेगळा, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवणं जवळपास अशक्य. मुलांना मोबाइल नको, नेट नको. शाळेत मोबाइलला बंदी असते तिथे तर हा मुद्दा एकटाच पुरेसा आहे. इथे घड्याळ नाही, आणि कुणी पहिलं येत नाही. (बडोदेकराने शिक्षणावर लिहावं आणि सयाजीरावांचं नाव घेऊ नये, हे कसं चालेल? १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. शेवटच्या बाकावरचं मूलही मोजायचं, ही इथली जुनी खोड.)

पण साधन कोणतंही घ्या, प्रश्न भुसभुशीत असेल तर काही हाती लागत नाही. दशांश अपूर्णांकांचा एक प्रश्न घेऊ: सर्वांत मोठी संख्या कोणती? ए) ०.६, बी) ०.५८, सी) ०.६२५, डी) ०.०७८९. उत्तर सी. पण मजा चुकीच्या उत्तरांत आहे. डी निवडणारं मूल दशांशचिन्हानंतरचे आकडे पूर्ण संख्येसारखे वाचतंय: ७८९ मोठे, म्हणून ते मोठं. ए निवडणाऱ्याने कुठूनतरी "जितके जास्त अंक तितकी संख्या लहान" असा नियम मनाशी पक्का केलाय. बी म्हणणारं बहुधा ठोकून देतंय. या तिघांना एकच स्पष्टीकरण पुन्हा ऐकवून उपयोग नाही. डीवाल्यांना स्थानिक किमतीच्या तक्त्याकडे न्यायला हवं, एवाल्यांना ०.६ म्हणजेच ०.६०० हे दाखवायला हवं.

हाच प्रश्न कहूटवरही घालता येतो, आलेखही तोच येईल. फरक असा की तिथे डी हा गैरसमज होता की घाई, हे कळायला मार्ग नाही. वेळ चार मिनिटांपर्यंत वाढवता येते, प्रश्नाचे गुणही बंद करता येतात. पण मग कहूटमधलं कहूटपण संपतं आणि मुलं कुरकुरतात, ते वेगळंच.

आलेख पाहून काय करायचं, याची एक आखीव रीत हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केली. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर उत्तर सांगायचं नाही. मुलांना शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा आणि पुन्हा मत घ्यायचं. त्याहून कमी असतील तर विषय नव्याने शिकवायचा, जास्त असतील तर पुढे सरकायचं. यासाठी दोनदा विचारता येईल असं, बिनघाईचं साधन लागतं. म्हणून नवा धडा चालू असताना मी प्लिकर्स घेते. धडा संपून उजळणी करायची असते, दिवाळीच्या सुटीआधी वर्ग आधीच पतंगासारखा हवेत असतो, तेव्हा कहूट. तिथे वेगाला अर्थ आहे, कारण पाढे किंवा सूत्रं झटकन आठवणं हेच तपासायचं असतं. उपकरणं कमी असतील तर गट पाडून खेळवा.

कार्डं करायची असतील तर जाड कागदावर छापा आणि चकचकीत लॅमिनेशन टाळा. खिडकीचा उजेड त्यावर चमकला की कॅमेऱ्याला कोड दिसत नाही. बोटं कोडवर येऊ देऊ नका. आणि कार्डाचा क्रमांक हजेरीच्या क्रमांकाशी जुळवून ठेवा, म्हणजे वर्षभर कुणाचं कार्ड कोणतं हे शोधत बसावं लागत नाही.