विद्युतनिरोधित अदलाबदलीचा स्क्रूड्रायव्हर संच

विजेच्या जोडण्यांचे स्क्रू सोडवण्या-आवळण्यासाठी वापरला जाणारा हत्यारांचा संच. त्यात निरोधक आवरणाची एक मूठ आणि तिच्यात आलटून-पालटून बसवता येणारी, टोकाचा थोडा भाग सोडून बाकी सर्व लांबीवर आवरण चढवलेली अनेक पाती असतात. नाशिकच्या बाजारात तो ‘इन्सुलेटेड सेट’ किंवा ‘हजार व्होल्टचा सेट’ या नावाने मागितला जातो. मात्र त्याच नावाखाली, मूठ जाड प्लॅस्टिकची पण पाते उघड्या पोलादाचे, असा साधा बिटसंचही गिऱ्हाइकाच्या हातात पडू शकतो. दोन्ही डब्यांचा रंग लाल-पिवळा असला, तरी विजेच्या कामात त्यांची बरोबरी होत नाही.

साध्या बिटसंचात 6.35 मिलिमीटर षट्कोनी बुडाचे छोटे बिट (सुटी टोके) एका चुंबकीय पकडीत बसतात. ती पकड, तिची दांडी आणि बिट हे सगळे उघडे धातू असते. वायरमनचे तर्जनीचे बोट सवयीने दांडीवर खाली सरकते, कारण त्याशिवाय टोक खाचेत स्थिर राहत नाही. आणि नेमके तेच बोट धातूला टेकलेले असते. शिवाय दाट बसवलेल्या पॅनेलमध्ये उघडी दांडी शेजारच्या दोन टर्मिनलांना (वायर जोडायच्या धातूच्या टोकांना) एकदम टेकली, तर माणसाला शॉक न बसताही शॉर्टसर्किट होऊन ठिणगीचा भडका चेहऱ्यावर येऊ शकतो. पात्यावरचे आवरण या दोन्ही धोक्यांसाठी असते. मुठीचे प्लॅस्टिक कितीही जाड असले तरी त्यातला एकही धोका पूर्ण टळत नाही.

नाशकात या हत्याराची गरज अनेक ठिकाणी पडते. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत स्विचगिअर (वीज जोडणारी-तोडणारी साधने) आणि कंट्रोल पॅनेल बनवणारे लहान-मोठे कारखाने आहेत. टपारिया टूल्स या हातहत्यारे बनवणाऱ्या कंपनीचे कार्यालय सातपूरलाच आहे. त्र्यंबक रस्त्यावरील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रिशियन आणि वायरमन घडतात. सिंहस्थात तपोवनातील साधुग्रामासाठी तात्पुरत्या वीजजोडण्यांचे मोठे जाळे उभे राहते. आणि निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मोटारीचा स्टार्टर ही रोजच्या उघडझापीची वस्तू आहे.

अशा हत्यारांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग) 60900 हे आहे. प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहासाठी 1000 व्होल्ट आणि एकदिश (डीसी) प्रवाहासाठी 1500 व्होल्ट या मर्यादेपर्यंत चालू विजेजवळ वापरायच्या हातहत्यारांना ते लागू होते. घरातली 230 व्होल्टची फेज आणि शेतीपंपाची थ्री-फेज ही दोन्ही या मर्यादेच्या बरीच आत येतात. मानकातील मुख्य विद्युत चाचणीत हत्यार 24 तास पाण्यात ठेवून नंतर त्याच्या आवरणावर 10,000 व्होल्टचा दाब 3 मिनिटे दिला जातो. याखेरीज थंड करून आघात देणे, तापवून आवरणावर टोक दाबणे, आवरण धातूला किती घट्ट चिकटले आहे ते पाहणे आणि ज्योतीखाली धरणे अशा चाचण्याही असतात. म्हणजे ‘हजार व्होल्ट’ ही वापराची मर्यादा आहे आणि चाचणीचा दाब तिच्या दसपट आहे. दुकानदार ‘दहा हजार व्होल्टचा आहे’ असे सांगतो तेव्हा तो बहुधा चाचणीचा आकडा सांगत असतो. तो आकडा ऐकून अकरा केव्हीच्या (अकरा हजार व्होल्टच्या) लाइनजवळ हे हत्यार नेणे प्राणघातक ठरेल, म्हणून हा खुलासा इथे मुद्दाम केला आहे.

मानकाप्रमाणे बनवलेल्या हत्यारावर दुहेरी त्रिकोणाचे चिन्ह, त्यालगत ‘1000 व्होल्ट’ हा उल्लेख, निर्मात्याची खूण आणि उत्पादनाचे वर्ष असते. अदलाबदलीच्या संचात ही खूण मुठीवर असून भागत नाही, ती प्रत्येक पात्यावर शोधावी लागते. फक्त मुठीवर हजार व्होल्ट छापलेले आणि पाती कोरी, असा संच दुकानातच परत ठेवावा. ‘व्हीडीई’ ही तीन अक्षरे त्याच नावाच्या जर्मन संस्थेच्या तपासणीची खूण आहेत. बोलीभाषेत मात्र कुठल्याही लाल-पिवळ्या स्क्रूड्रायव्हरला ‘व्हीडीईवाला’ म्हणतात. मानकात उणे 40 अंशांपर्यंतच्या अति थंड प्रदेशासाठी इंग्रजी ‘सी’ अक्षराचा वेगळा वर्गही आहे. निफाडचा गारठा कितीही बोचरा असला तरी त्या वर्गासाठी जास्त पैसे मोजण्याचे इथे कारण नाही.

या संचाचा खरा कस सांध्यात लागतो. एकसंध इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरमध्ये आवरण मुठीपासून टोकापर्यंत अखंड ओतलेले असते, त्यात फट पडायला जागा नसते. अदलाबदलीच्या संचात ही अखंडता तुटते, आणि ती परत जोडण्याचे काम मुठीचे तोंड व पात्याची मान मिळून करतात. चांगल्या संचात पात्याचे उघडे पोलादी बूड मुठीत खोल जाते, त्याच्या पाठोपाठ आवरणाचाही काही भाग आत शिरतो आणि शेवटी खटक्याचा स्पष्ट आवाज होऊन पाते अडकते. बाहेरून पाहिले तर प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक चढलेले दिसते, धातूची रेघही दिसत नाही. हलक्या संचात पात्याचे आवरण मुठीच्या तोंडाशीच संपते. ते पाते ओढून पाहिले की दोन-तीन मिलिमीटर बाहेर येते आणि त्या फटीत चकचकीत षट्कोन दिसू लागतो. अंगठा आणि तर्जनी नेमके तिथेच धरलेले असतात. घट्ट बसलेला स्क्रू सोडवताना हात मागे ओढला जातो, त्या वेळी पाते अर्धवट निसटले, तर हत्याराचा निरोधकपणा सर्वात गरजेच्या क्षणी संपतो. म्हणून आयईसी 60900 मध्ये जोडून वापरायच्या हत्यारांचे भाग आपोआप सुटू नयेत अशी वेगळी अट आहे.

दुकानात हे तपासायला उपकरण लागत नाही. पाते बसवावे, खटका ऐकावा, मूठ एका हातात व पाते दुसऱ्या हातात धरून जोराने ओढावे, मग पिळून पाहावे. आणि हे सर्वात लहान पात्याने करावे, कारण बारीक पात्यांवरचे आवरण पातळ आणि त्यांची मानही नाजूक असते. याच कारणाने एका कंपनीच्या मुठीत दुसऱ्या कंपनीचे पाते बसले म्हणून वापरू नये. माप जुळते, पण आवरणाची आत शिरणारी लांबी जुळेलच असे नाही, आणि त्या जोडीची चाचणी कोणीच केलेली नसते. इन्सुलेटेड मुठीत साधा बिट बसवण्यासाठी मधला जोडतुकडा वापरला, तर हत्यार पुन्हा साधे स्क्रूड्रायव्हर झाले असे समजावे.

टोकाचा उघडा भाग किती असावा हेही ठरलेले आहे. चपट्या खाचेच्या पात्याला जास्तीत जास्त 15 मिलिमीटर आणि इतर आकारांना 18 मिलिमीटर धातू उघडा ठेवता येतो. अडचण अशी होते की एमसीबीच्या (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) टर्मिनलचा स्क्रू खोल, अरुंद भोकात असतो आणि जाड आवरणाचे पाते त्या भोकाच्या काठावरच अडते. मग काही जण चाकूने टोकाकडचे आवरण सोलतात. हे अतिशय वाईट आहे. त्याऐवजी बारीक दांडीचा संच घ्यावा, ज्यात टोकाजवळ पोलादच कमी व्यासाचे करून आवरण त्या खोलगट भागात बसवलेले असते आणि पाते भोकात पूर्ण उतरते. विकत घेण्यापूर्वी दुकानातल्याच एखाद्या एमसीबीत पाते घालून पाहावे.

संचात किती पाती आहेत यापेक्षा ती कोणत्या स्क्रूंसाठी आहेत हे महत्त्वाचे. कंट्रोल पॅनेलच्या टर्मिनल पट्टीला 0.6 गुणिले 3.5 मिलिमीटरचे (टोकाची जाडी गुणिले रुंदी) चपटे पाते बहुतेक वेळा लागते, मोठ्या टर्मिनलांना 0.8 गुणिले 4 आणि 1.0 गुणिले 5.5. स्विच-सॉकेटच्या पेटीला फिलिप्स (अधिकच्या चिन्हाचे पाते) पुरते. एमसीबी आणि कॉन्टॅक्टरच्या (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या) स्क्रूकडे मात्र उजेडात नीट पाहावे: अनेकदा तिथे चपटी खाच आणि अधिकचे चिन्ह एकत्र असते, आणि अधिकच्या चार हातांच्या मध्ये बारीक रेघा असतील तर ते फिलिप्स नसून पोझिड्राइव्ह असते. फिलिप्सची टोके निमुळती असतात, त्यामुळे जोर वाढला की पाते वर उचलले जाऊन खाच गुळगुळीत होते. पोझिड्राइव्हच्या कडा जवळजवळ सरळ असल्याने पकड टिकते. पोझिड्राइव्हच्या स्क्रूत फिलिप्सचे पाते बसते आणि फिरतेही, म्हणूनच ही चूक लक्षात येत नाही. स्क्रू पूर्ण आवळला जात नाही, जोडणी सैल राहते, सैल जोडणी तापते, आणि काही महिन्यांनी टर्मिनल काळे पडलेले दिसते. दुरुस्तीला आलेल्या माणसाला तेव्हा दोष एमसीबीचा वाटतो. त्यामुळे चपटे-पोझिड्राइव्ह असे संयुक्त पाते असलेला सहा पात्यांचा संच हा ते नसलेल्या सोळा पात्यांच्या संचापेक्षा घरगुती आणि पॅनेलच्या कामाला जास्त उपयोगी आहे. टॉर्क (आवळण्याचा पीळ) मोजणारी मूठ पॅनेल बनवणाऱ्यांसाठी उत्तम, फिरत्या वायरमनसाठी ऐच्छिक.

संच कितीही चांगला असला तरी वीज बंद करून, टेस्टर किंवा मीटरने खात्री करून काम करणे हीच पहिली पायरी आहे. इन्सुलेटेड हत्यार त्यानंतरच्या चुकांसाठी असते, आणि अशा चुका प्रत्यक्षात बऱ्याच होतात. फ्लॅटमध्ये मेन स्विच पाडला, तरी त्याच्या वरच्या टोकांना मीटरकडून आलेली फेज तशीच जिवंत असते. त्याच पेटीत इन्व्हर्टरची वायर असेल तर मेन पाडल्यावर उलट इन्व्हर्टर चालू होतो आणि दिव्यांच्या वायरीत वीज येते. शेतीपंपाला थ्री-फेज रात्रीच्या पाळीत येते तेव्हा स्टार्टरची पेटी विजेरीच्या उजेडात, ओल्या वाफ्यात उभे राहून उघडली जाते. अनवाणी, ओल्या माणसाच्या शरीराचा रोध सुमारे 1000 ओहम धरला तर 230 व्होल्टला जवळजवळ 230 मिलिअँपिअर प्रवाह वाहील. माणसाच्या संरक्षणासाठी बसवलेले आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच) 30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडते, यावरून धोक्याची कल्पना यावी. छतावरच्या सौर पॅनेलची गोष्ट आणखी वेगळी आहे. सूर्य असेपर्यंत पॅनेलची माळ बंद करता येत नाही, आणि एकदिश प्रवाहाची ठिणगी सहज विझत नाही. तिथे हे हत्यार लागतेच, पण शॉकपासून वाचवणारे आवरण ठिणगीच्या भाजण्यापासून वाचवत नाही.

पाते छिन्नीसारखे ठोकू नये, कारण आवरणातल्या बारीक चिरा डोळ्यांना उशिरा दिसतात. काही निर्माते यासाठी आवरणाचे दोन थर वेगळ्या रंगांत देतात. वरचा लाल थर घासून आतला पिवळा दिसू लागला की ते पाते बाद करायचे, ही सोय लक्षात घेऊनच निवड करावी. बागाईतदारांनी संच फवारणीच्या औषधांच्या पेटीत ठेवू नये. बोर्डो मिश्रणाचे (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचे) आणि गंधकाचे कण मुठीच्या पोकळीत साचतात, पावसाळ्यात ओलसर होतात, आणि पुसता न येणाऱ्या त्या जागेतूनच विजेला वाट मिळू शकते. मूठ आठवड्यातून एकदा उघड्या तोंडाने खाली धरून झटकावी, कोरड्या फडक्याने पुसावी, आणि भिजली असेल तर पूर्ण वाळेपर्यंत वापरू नये. अदलाबदलीच्या संचाचा एक मोठा फायदा इथे दिसतो: चिरलेले एक पाते बदलता येते, सगळा संच टाकावा लागत नाही. मात्र सुटी पाती त्याच निर्मात्याची आणि त्याच मालिकेची नाशकात मिळतात का, हे संच घेण्याआधीच विचारून ठेवावे. मुठीला चीर गेली, तिचा खटका सैल झाला किंवा तोंडाची कड तुटली, तर मूठ चिकटपट्टी गुंडाळून चालवू नये. ती बदलावीच लागते.