पेरूची जात गोड होत गेली आणि घरच्या जेलीला लिंबू लागायला लागलं

"आजीची पेरूची जेली नुसत्या साखरेवर सेट व्हायची, माझी मात्र पाकासारखी पातळच राहते" ही तक्रार दर हिवाळ्यात कुणी ना कुणी करतंच, आणि मग आच कमी पडली, साखर कमी पडली असे सल्ले सुरू होतात. पेरू कुठल्या जातीचा होता हे सहसा कुणी विचारत नाही, खरं तर आधी तेच विचारायला हवं.

(इथे जेली म्हणजे फळाच्या गाळलेल्या रसाची, पाकिटातल्या पावडरीची थुलथुलीत जेली वेगळी, तिच्यात फळ असतंच असं नाही.)

जेली जमते ती तीन गोष्टींवर, पेक्टिन, आंबटपणा आणि साखर. फ्रान्समधल्या आंरी ब्राकोनो या केमिस्टने 1825 मध्ये फळातल्या या घट्ट करणाऱ्या पदार्थाला पेक्टिन म्हटलं, अर्थात घरोघरी जेल्या त्याच्या कितीतरी आधीपासून होत होत्या. रस आटून साखर साधारण 65 टक्क्यांपर्यंत आली आणि pH (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) 3 च्या आसपास, फार तर 3.3 असला की पेक्टिनचे धागे एकमेकांना धरतात आणि रस जमतो, यातलं एक जरी कमी पडलं तरी तासभर आटवून हाती चिकट पाकच येतो. कच्च्या फळात पेक्टिन असतं पण ते पाण्यात सहज न उतरणाऱ्या रूपात, पाडाला आलेल्या फळात ते भरपूर सुटतं, आणि फळ पार मऊ झालं की तुटून निकामी होतं, म्हणून जुन्या बायका थोडे करकरीत आणि थोडे पिकलेले पेरू एकत्र घ्यायच्या, पहिल्यांत जमण्याची ताकद आणि दुसऱ्यांत वास.

आता जातीचं. पेरू मुळात अमेरिका खंडातला, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. गोव्यात त्याची पेराद झाली, पण ती गराची वडी, तिथे रस गाळायचा प्रश्नच नाही त्यामुळे जातीचे नखरे बरेच खपून जातात. स्वच्छ, आरपार दिसणारी जेली हा साहेबाच्या ब्रेकफास्टच्या टेबलावरचा प्रकार, तो इंग्रजी अमलात इथल्या स्वयंपाकघरात रुजला, आणि तेव्हा परसातली पेरूची झाडं बहुतेक बी रुजून आलेली असायची, एकाचा पेरू गोड तर शेजारच्याचा आंबटढाण, जो खायला नको वाटायचा तो जेलीत जायचा.

मग आली निवड. पुण्यात गणेशखिंडच्या फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमांनी अलाहाबाद सफेदाच्या रोपांतून 1927 मध्ये एक जात निवडली, तीच लखनौ 49 म्हणजे आपला सरदार पेरू. भरपूर लागणारा, मोठा, गोड, खायला एक नंबर, शेतकऱ्याचं भलं झालं यात वादच नाही. पण निवड झाली ती खाणाऱ्याच्या जिभेसाठी. उलट हवाई विद्यापीठाने 1960 मध्ये बोमाँट नावाची जात दिली ती गुलाबी गराची, आंबटसर, मुद्दाम रस आणि प्रक्रियेसाठी म्हणून. आपल्याकडे ललित ही लखनौच्या संशोधन संस्थेची गुलाबी जात खायला आणि प्रक्रियेलाही चालते, पण बाजारात जाऊन "ललित द्या" म्हटलं तर फळवाला तोंडाकडे बघत राहील. हल्ली गाड्यांवर तैवान पिंक दिसतो, मऊ आणि गोड. असल्या पेरूत पेक्टिन पुरेसं असलं तरी आंबटपणा कमी पडतो आणि आजीच्या कृतीत नसलेलं लिंबू आपल्याला पिळावं लागतं.

रंगाचीही एक गंमत आहे, गुलाबी पेरू घेतला की जेली गुलाबीच होणार असं वाटतं पण तो रंग लायकोपीन या रंगद्रव्याचा, तो पाण्यात विरघळत नाही, बराचसा फडक्यात चोथ्याबरोबर राहतो, आणि पांढऱ्या पेरूची जेलीसुद्धा आटता आटता छान तांबूस होते. म्हणजे रंगासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही (जॅमचं वेगळं, तिथे गर असतो).

कारखान्यांनी मात्र या भानगडीतून स्वतःची सुटका विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच करून घेतली. जर्मनीत सफरचंदाचा रस काढून उरलेल्या चोथ्यातून पेक्टिन काढायला सुरुवात झाली, अमेरिकेत 1913 मध्ये त्याचं पेटंट झालं, पुढे संत्र्यालिंबाच्या सालीही कामाला आल्या. आता पेक्टिन ग्रेडवर विकलं जातं, 150 ग्रेड म्हणजे एक किलो पेक्टिन दीडशे किलो साखर जमवणार. हे हातात असलं, जोडीला सायट्रिक ॲसिड असलं, की फळाने जमवायची जबाबदारीच संपते, त्याच्याकडून फक्त वास, चव आणि दरवर्षी सारखा माल एवढंच हवं. म्हणून बाटलीतली जेली कधी फसत नाही आणि बऱ्याचदा चवीला सपाटही लागते, जेमतेम वासाचं फळसुद्धा पेक्टिनवर उभं राहतं ना.

घरी फळाचाच आधार, त्यामुळे फळ निवडतानाच अर्धं काम होतं. करवंदं आणि कवठ यांना बाहेरून काही लागत नाही, पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही अंगचेच, पण कवठाचं प्रत्येक झाड वेगळं, म्हणून आधी चाखून बघा. पेरूचा रस गाळल्यावर चमचाभर रसात चमचाभर स्पिरिट घालून हलवा, एकसंध गोळा झाला तर पेक्टिन भरपूर, बारीक तुकडेच झाले तर साखर कमी घ्या (ते मिश्रण चाखू नका, सरळ फेकून द्या). रस जिभेला आंबट लागला नाही तर साखर घालायच्या आधीच लिंबू पिळा, आणि फडकं पिळू नका, जेली गढूळ होते.

एवढं करूनही तैवान पिंकची पातळच राहिली तर त्यात मूठभर कच्ची करवंदं शिजवून त्यांचा रस घाला, मोसम जुळला तर. पेरू हिवाळ्यात आणि करवंदं उन्हाळ्यात, त्यामुळे करवंदांचा रस फ्रीजरमध्ये ठेवलेला असेल तरच हे जमेल.