गोळी फोडू नका : ओपिऑइड औषधांवरच्या सूचनांमागचा इतिहास

मोठी शस्त्रक्रिया, अपघात किंवा कॅन्सरचं दुखणं असलं की डॉक्टर कधी मॉर्फिन, कधी ऑक्सिकोडोन, कधी ट्रॅमाडॉल, तर कधी कातडीवर चिकटवायची फेंटानिलची पट्टी लिहून देतात. ही सगळी ओपिऑइड, म्हणजे अफूतून आलेली किंवा अफूसारखं काम करणारी औषधं. औषधाबरोबर सूचनांचा कागद येतो. गोळी अख्खी गिळा, चावू नका. दारू घेऊ नका. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. मनाने डोस वाढवू नका, आणि एकदम बंदही करू नका. उरलेल्या गोळ्या कुणाला देऊ नका. दुखण्याने बेजार झालेला माणूस हा कागद क्वचितच वाचतो. पण यातल्या बहुतेक ओळी कुणाच्या तरी जिवावर बेतल्यानंतर लिहिल्या गेल्या आहेत. त्या कशा आल्या हे ठाऊक असलं तर त्या पाळाव्याशा वाटतात, म्हणून हा मागोवा.

अफूच्या बोंडाला चिरा देऊन निघणारा चीक माणूस हजारो वर्षं दुखण्यावर वापरत आला आहे. अडचण मापाची होती. अफूच्या एका गोळीत किती जोर आहे, हे कुणालाच सांगता येत नसे. पीक कसं आलं, भेसळ किती झाली यावर ते ठरे. कालच्याच मापाने आज दिलेली अफू कधी दुखणं थांबवायची नाही, तर कधी रोगीच जागा व्हायचा नाही. जर्मनीतल्या पाडरबॉर्नमध्ये औषधाच्या दुकानात काम शिकणाऱ्या फ्रीडरिश सर्ट्युर्नर या तरुणाने १८०४-०५ च्या सुमारास अफूतलं सत्त्व वेगळं काढलं. स्वप्नांचा ग्रीक देव मॉर्फियस याच्यावरून त्याला नाव मिळालं, आणि त्यातूनच पुढे ‘मॉर्फिन’ रूढ झालं. आता मिलिग्रॅममध्ये मोजून औषध देता येणार होतं.

या सर्ट्युर्नरने १८१७ मध्ये आपल्या एका प्रयोगाची हकीकत छापली. तो स्वतः आणि सतरा वर्षांहून मोठे नसलेले तीन मुलगे, अशा चौघांनी अर्धा ग्रेन मॉर्फिन घेतलं, म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम. अर्ध्या तासाने पुन्हा तेवढंच. त्यानंतर पाऊण तासही न थांबता, जेमतेम पंधरा मिनिटांत तिसऱ्यांदा तेवढंच. मग चौघांचीही अवस्था विषबाधेसारखी झाली, आणि घाबरलेल्या सर्ट्युर्नरने कडक व्हिनेगर पाजून सगळ्यांना उलट्या करवल्या. मॉर्फिनच्या इतिहासातली ही अगदी सुरुवातीची चूक, आणि आजही माणसं नेमकी हीच करतात. ‘गोळी घेऊन अर्धा तास झाला, काही फरक नाही, आणखी एक घेतो.’ तोंडाने घेतलेल्या साध्या गोळीचा पुरता असर दिसायला तासाभराचा अवधी लागू शकतो. पहिलीचा जोर चढत असतानाच दुसरी पोटात गेलेली असते.

पुढच्या शंभर वर्षांत एकच गोष्ट वेगवेगळ्या वेषांत परत परत घडली. १८५३ च्या सुमारास टोचण्याची सुई आली, तेव्हा कित्येक डॉक्टरांना प्रामाणिकपणे वाटत होतं की औषध पोटातून जातच नाही, तर त्याची चटक कशी लागेल? लागली, आणि हजारोंना लागली. दात येताना रडणाऱ्या तान्ह्या बाळांना शांत करणारी सिरपं बाजारात होती. त्यांतल्या काहींत मॉर्फिन असे आणि बाटलीवर ते लिहिलेलं नसे. १८९८ मध्ये बायर कंपनीने खोकल्यावरचं औषध म्हणून हेरॉइन विकायला काढलं. मॉर्फिनपेक्षा हे निर्धोक, असा तेव्हाचा समज होता. अमेरिकेत १९०६ च्या कायद्याने अफू, मॉर्फिन, हेरॉइन असेल तर लेबलावर तसं छापणं सक्तीचं केलं. औषधात काय आहे हे घेणाऱ्याला कळलं पाहिजे, ही आज साधी वाटणारी गोष्ट कायद्याने मिळवावी लागली.

मग लंबक दुसरीकडे गेला. कायदे कडक झाले, डॉक्टर धास्तावले, आणि मरणाच्या वाटेवरचा माणूसही कण्हतच राहिला. दुखणं असह्य झालं की रोग्याने मागायचं, मग नर्सने थोडंसं द्यायचं, अशी पद्धत होती. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी ती उलटी केली. दुखणं परत येण्याची वाट पाहायची नाही, घड्याळाप्रमाणे ठरलेल्या वेळी ठरलेला डोस द्यायचा. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रोग्यांची शुश्रूषा करणारं रुग्णालय, उघडलं. तिथे दिसलं की वेळेवर औषध मिळणाऱ्या रोग्याच्या मनातली पुढच्या कळेची धास्ती ओसरते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या दुखण्यासाठी जी पायऱ्यांची पद्धत सांगितली, तिच्यात ‘शक्यतो तोंडाने, घड्याळाप्रमाणे’ हे सूत्र आहे. ‘दर इतक्या तासांनी’ असं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, त्यामागे हे काम आहे. मला या सगळ्या इतिहासात सॉन्डर्स यांचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण औषध न देणं म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे त्यांनी दाखवून दिलं.

पण त्यांचं काम मरणासन्न रोग्यांसाठी होतं. ते पाठीच्या आणि गुडघ्याच्या जुनाट दुखण्यावर सरसकट लावलं गेलं, आणि त्यासाठी एका पत्राचा आधार घेतला गेला. १० जानेवारी १९८० च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात असताना निदान एकदा असं औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांत व्यसन लागल्याची नीट नोंद सापडली, एवढंच त्यात होतं. ही रुग्णालयातली, डॉक्टरांच्या नजरेखाली दिलेली औषधं होती. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांचा त्यात विषयच नव्हता. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात याचा हिशेब मांडला गेला. या पत्राचा दाखला ६०८ ठिकाणी दिलेला सापडला, आणि सुमारे ७२ टक्के ठिकाणी तो ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून होता. हे रुग्ण रुग्णालयातले होते, हे सुमारे ८१ टक्के लेखकांनी सांगितलंच नाही.

१९९६ मध्ये पर्ड्यू कंपनीची ऑक्सिकॉन्टिन ही गोळी अमेरिकेत विक्रीला आली. तिच्यात ऑक्सिकोडोन बारा तासांत हळूहळू सुटेल अशी रचना होती, त्यामुळे एका गोळीत ४० किंवा ८० मिलिग्रॅम औषध भरता येई. साधी गोळी बहुतेकदा असते ५ मिलिग्रॅमची. हळू सुटतं म्हणून गैरवापर कमी होईल, असं तेव्हा मानलं गेलं आणि लेबलावरही आलं. पण सगळी सुरक्षितता गोळीच्या घडणीत होती. गोळी चावली, कुटली किंवा विरघळवली की बारा तासांचा साठा एकदम अंगात जातो. नशेसाठी कुटणाऱ्यांनी हे लवकरच ओळखलं; पण गिळायला त्रास होतो म्हणून आजारी माणसाला प्रेमाने गोळी कुटून देणाऱ्या घरच्यांच्या हातूनही तेच घडू शकतं. ज्याला गिळता येत नाही त्याने डॉक्टरांना सांगावं. पातळ औषध किंवा पट्टी असे पर्याय असतात. औषध कमी व्यसनकारक असल्याचं भासवून विकल्याचा गुन्हा पर्ड्यूशी संलग्न कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात कबूल केला. तोवर फार उशीर झाला होता. पुढे बेकायदा फेंटानिलची भर पडली आणि २०२१ या एका वर्षात अमेरिकेत ओपिऑइडमुळे ८०,००० हून अधिक माणसं गेली.

दारूबद्दलची सूचना तर रसायनशास्त्राने शिकवलेली आहे. हायड्रोमॉर्फोन या मॉर्फिनच्याच कुळातल्या औषधाची पॅलाडोन नावाची चोवीस तासांची कॅप्सूल २००५ मध्ये बाजारातून काढून घ्यावी लागली, कारण दारूच्या संगतीत तिची हळू सुटण्याची रचनाच मोडत होती. अशी रचना नसलेल्या गोळीबरोबरही दारू घातकच, कारण दोघी मिळून श्वास मंदावतात. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या, विशेषतः डायझेपाम, अल्प्राझोलाम यांच्या कुळातल्या, हेच करतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये या जोडीबद्दल चौकटीतला सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

श्वासच का? १९७३ मध्ये मेंदूत ओपिऑइड जिथे बसतात त्या जागा सापडल्या, दोनच वर्षांनी शरीर स्वतःच तयार करत असलेली तशी द्रव्यंही. दुखण्याची जाणीव दाबणाऱ्या त्याच प्रकारच्या जागा श्वास चालवणाऱ्या भागातही आहेत. औषध जास्त झालं की शरीर श्वास घ्यायचं विसरतं. झोपेत घोरल्यासारखा आवाज, निळसर ओठ, हलवूनही जाग न येणं, ही त्याची लक्षणं आहेत. ‘गाढ झोप लागली आहे, झोपू द्या’ असं समजून सोडलेली माणसं पुन्हा उठलेली नाहीत. अशा वेळी ताबडतोब तातडीची मदत बोलवायची. याच जागांवरून औषधाला ढकलून देणारं नॅलोक्सोन १९६० च्या दशकारंभी तयार झालं, १९७१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पण नाकात फवारायची बाटली म्हणून ते तिथे २०१५ मध्ये मंजूर झालं आणि चिठ्ठीशिवाय मिळायला २०२३ उजाडलं. नॅलोक्सोनचा असर मूळ औषधाच्या आधी ओसरू शकतो, म्हणून माणूस शुद्धीवर आला तरी रुग्णालय टाळायचं नाही.

रोज औषध घेतल्यावर शरीर त्याला सरावतं, तोच डोस कमी पडू लागतो. याला व्यसन म्हणत नाहीत; नीट, सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्यालाही हे होतं. पण काही आठवडे खंड पडला की हा सराव निघून जातो, आणि मग जुना डोस पुन्हा घेणं जीवघेणं ठरतं.

या सरावाचीच दुसरी बाजू एकदम बंद करण्याची. ओपिऑइड कशी लिहून द्यावीत याबद्दल अमेरिकेत २०१६ मध्ये आलेली मार्गदर्शक तत्त्वं सल्ला म्हणून लिहिलेली होती. पुष्कळ ठिकाणी ती नियमासारखी वापरली गेली आणि वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्यांचे डोस झटक्यात तोडले गेले. असह्य दुखणं, अंगाची थरथर, निराशा, आत्महत्येचे विचार, असं सगळं त्यांच्या वाट्याला आलं. २०१९ मध्ये औषध प्रशासनाला याविरुद्ध इशारा द्यावा लागला, आणि २०२२ च्या सुधारित तत्त्वांत, वर्षभराहून जास्त काळ औषध घेणाऱ्याचा डोस महिन्याला सुमारे दहा टक्के किंवा त्याहूनही सावकाश उतरवणं अधिक सोसवतं, असं म्हटलं आहे. बंद करायचं ठरलं तर ते डॉक्टरांबरोबर बसून.

उरलेलं औषध हा शेवटचा, आणि घराघरांत दुर्लक्षित राहणारा भाग. वापरून काढलेल्या फेंटानिलच्या पट्टीतही बरंच औषध शिल्लक असतं. अशा पट्ट्या तोंडात घालून किंवा अंगाला चिकटून लहान मुलं दगावली आहेत. म्हणून काढलेली पट्टी चिकट बाजू आत येईल अशी दुमडून, सांगितलेल्या पद्धतीने लगेच नष्ट करायची. पट्टी अंगावर असताना त्या जागी शेकही घ्यायचा नाही, उष्णतेने औषध जास्त वेगाने शोषलं जातं. गोळ्या कुलपात ठेवायच्या, मोजून ठेवायच्या, आणि दुखणं संपलं की उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानात किंवा रुग्णालयात परत घेतात का, ते विचारायचं.